जोड मारताना पॅनल वाकतं? क्लॅम्पचा जबडा दाब देऊन तपासा

गेल्या पावसाळ्यात एका डायनिंग टेबलचा टॉप जोडायला घेतला होता. सागवानाच्या सहा फळ्या, एकेक १२५ मिमी रुंद, २० मिमी जाड, दीड मीटर लांब. संध्याकाळी फेव्हिकॉल लावला, चार सॅश क्लॅम्प (लांब लोखंडी पट्टीवरच्या दोन जबड्यांत लाकूड धरणारे) आवळले, सकाळी सोडले. वर स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर ती मधोमध टेकून दोन्हीकडे डुलायला लागली. कडेला चार मिमी उजेड. खालून सांधे दृष्ट लागावी असे बसलेले, वरून मात्र नख अडकेल इतकी फट. वर्षभरात हे तिसऱ्यांदा.

पहिल्या वेळी मी लाकूड ओलं आहे म्हटलं होतं, दुसऱ्या वेळी स्वतःच्या रंध्याला शिव्या घातल्या होत्या. तिसऱ्या वेळी आमच्या मामांनी (मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात) एक रिकामा क्लॅम्प उचलला, त्यात फळीचा तुकडा आवळला, खाली वाकून त्याच्याशी डोळा लावला आणि म्हणाले, "दादा, ह्यो नुसत्या दाढंनं चावतोय. पुढचं दात टेकतच न्हाईत."

निदान तेवढ्यातच झालं होतं. मी मात्र पुढचे पंधरा दिवस ते मोजून पडताळत बसलो. ज्यांचं पॅनल आवळताना वाकतं, खोका काटकोनात राहत नाही, किंवा सांधा एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने उघडा राहतो, त्यांच्या कामाला येईल म्हणून लिहून ठेवतोय.

आधी क्लॅम्पच गुन्हेगार आहे का?

फेव्हिकॉल न लावता फळ्या कोरड्याच क्लॅम्पमध्ये ठेवा. सांधे मिळतील एवढंच हलक्या हाताने आवळा आणि वर पट्टी ठेवून बघा. मग नेहमीसारखं करकचून आवळा आणि परत बघा. हलक्या दाबाला सपाट असलेलं पॅनल आवळताना वाकलं आणि ढिलं केल्यावर परत सरळ झालं, तर दोष क्लॅम्पचा किंवा तो लावण्याच्या पद्धतीचा. हलक्या दाबालाच वाकलेलं असेल तर फळ्यांच्या कडा काटकोनात नाहीत. सांध्यागणिक अर्धा अंश धरला तरी पाच सांध्यांत अडीच अंश साठतात. त्यावर जुना तोडगा असा की शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटून दोन्ही कडा एकदमच रंधायच्या. रंधा तिरका चालला तरी एकीचं उणं दुसरीत भरून निघतं. आणि जोड मारल्यावर दोन-चार दिवस सपाट राहून मग पॅनल वाकलं असेल, तर ती लाकडातली ओल. त्यात क्लॅम्पचा काही संबंध नाही.

माझं पॅनल हलक्या दाबाला काचेसारखं सपाट होतं. स्क्रू दीड फेरा फिरवला की पोट वर यायचं, सोडला की बसायचं. म्हणजे रंध्याची माफी मागायला हरकत नव्हती.

गुण्या लावून फसायला होतं

नवा क्लॅम्प आणला की आपण काय करतो? क्लॅम्पच्या पट्टीवर गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं साधन) टेकवतो, जबड्याशी भिडवतो आणि उजेडाकडे धरून बघतो. टोकाशी फट दिसली की दुकानदाराला फोन. मीही हेच करत आलो होतो, आणि ही तपासणी अर्धवट आहे.

मुळात तो गुण्या तरी खरा आहे का? सरळ कडेच्या प्लायवर गुण्या टेकवून एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर ठीक. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्याची. माझ्याकडच्या तीन गुण्यांपैकी एक यात नापास झाला. तो कितीतरी वर्षं मी विश्वासाने वापरत होतो.

आता जबडा. क्लॅम्प रिकामा असताना जबडा कसा उभा आहे याला फारसा अर्थ नाही, कारण दाब आला की तो हलतोच. फळी जबड्याला बाहेर ढकलते, हा ढकला पट्टीच्या वर कुठेतरी बसतो, त्यामुळे जबड्याचं टोक मागे झुकतं. म्हणूनच चांगल्या पॅरलल क्लॅम्पचे जबडे रिकामे असताना टोकाशी किंचित आत झुकलेले ठेवतात. आवळल्यावर ते मागे येऊन समांतर होतात. गुण्या लावून "जबडा आत झुकलाय" म्हणून असा क्लॅम्प परत करणारे मी पाहिलेत. उलट रिकामा असताना गुण्याला तंतोतंत जुळणारा जबडा आवळल्यावर बाहेर फाकणारच. आणि रिकामा असतानाच बाहेर झुकलेला असेल तर पुढे त्याचं काय होणार हे सांगायला नको.

म्हणून तपासणी दाबाखालीच करायची. मी केली ती अशी. बाभळीचा एक ठोकळा घेतला, त्याच्या दोन्ही बाजू रंधून आणि (खऱ्या ठरलेल्या) गुण्याने बघून काटकोनात आणि एकमेकींना समांतर केल्या. जबडा आणि ठोकळा यांच्यामध्ये पांढरा कागद आणि कार्बन पेपर घातला, तोच, पावतीपुस्तकात असतो तो. नेहमीच्या जोराने आवळलं, सोडलं, कागद काढून बघितला. चांगल्या जबड्याचा छाप पूर्ण चौकोन उमटतो, निदान चारही कोपरे तरी दिसतात. माझ्या नव्या क्लॅम्पचा छाप म्हणजे तळाशी एक काळी रेघ, जेमतेम आठ मिमी रुंद, आणि वर कोरा कागद. मामांची दाढ हीच.

कार्बन पेपर मिळाला नाही तर झेरॉक्सच्या कागदाच्या दोन चिंध्या घ्या, एक टोकाशी, एक बुडाशी, आणि आवळल्यावर ओढून बघा. असा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. जी चिंधी सहज निघाली तिथे निदान तेवढी फट आहे. नक्की आकडा हवा असेल तर फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं, फट मोजायचं माप).

आणखी एक बघायचं राहून जातं. जबडा पुढे-मागे झुकतो तसा तो बाजूलाही कलतो किंवा पिळलेला असतो. छाप कोपऱ्यात त्रिकोणी उमटला तर समजायचं की पट्टीला पीळ आहे किंवा जबडा वाकडा बसवलाय. पट्टीचा पीळ बघायला मी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली. दुकानात ग्रॅनाइटएवढं सपाट काही नाही. ओट्यावर ती डुगडुगली तर पट्टी पिळलेली. (हा प्रयोग घरात कोणी नसताना करावा. पट्टी आधी पुसून घ्यावी. मी पुसली नव्हती.)

जुने चार, नवे चार

माझ्याकडे एकाच छापाचे आठ क्लॅम्प आहेत. चार पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचे, चार गेल्या वर्षी घेतलेले. रंग तोच, नाव तेच, डब्यावरचं माप तेच. वाकणारे तिन्ही टॉप मी नव्या चारांवर जोडले होते, कारण नवे म्हणून तेच हाताशी होते. नाव सांगत नाही. एक तर माझ्याकडच्या चार नगांवरून कोणाला बदनाम करायचं नाही, आणि दुसरं म्हणजे हा रोग एका नावाचा नाही.

व्हर्नियर लावला. जुन्याची पट्टी ३२ बाय ६, नव्याची ३० बाय ५. बघताना फरक जाणवतही नाही. मामांच्या भाषेत सूतभरसुद्धा नाही, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीच्या आतबाहेर. पण पट्टी वाकायला किती अडेल हे तिच्या उंचीच्या घनावर ठरतं, जाडीवर सरळ प्रमाणात. हिशेब केला तर नव्या पट्टीचा ताठपणा जुन्याच्या ६९ टक्के भरतो. दोन मिमी इकडून, एक मिमी तिकडून काढला आणि जवळपास एक तृतीयांश ताठपणा गेला.

याचा अर्थ कामात काय होतो? समजा जबड्यांमध्ये ९०० मिमी अंतर आहे, दाब फक्त २०० किलो, आणि दाबाची रेषा पट्टीच्या मध्यापासून ५० मिमी वर. जुनी पट्टी मध्ये सुमारे ३ मिमी वर उचलते, नवी साडेचारच्या आसपास. पट्टी वाकली की तिच्या दोन्ही टोकांचे जबडे तेवढे फाकतात, जुन्यात प्रत्येकी पाऊण अंशाहून थोडे जास्त, नव्यात १.१ अंशाच्या जवळपास. म्हणजे जुनेही फाकतात. ताठ पट्टी हा फक्त कमी-जास्तीचा मामला आहे, हे मला मोजल्याशिवाय पटलं नसतं.

पण खरा घोळ पट्टीत नव्हता, सरकत्या जबड्याच्या खाचेत (जिच्यातून पट्टी जाते ती) होता. जुन्याची खाच पट्टीवर ४० मिमी लांब बसते आणि तिच्यात मोकळी जागा ०.३ मिमी. नव्याची लांबी २८ आणि मोकळीक ०.९. मोकळीक भागिले लांबी, की जबडा किती डुलू शकतो ते कळतं. जुना अर्ध्या अंशाच्या आत, नवा १.८ अंश. ५० मिमी उंच जबड्यावर हे टोकाला दीड मिमीहून जास्त होतं. त्यात पट्टीचा वाक मिळवा. कोऱ्या कागदाचा खुलासा झाला.

बिडाचं (ओतीव लोखंडाचं) म्हणाल तर तिथेही फरक होता. जुन्या जबड्यावर हातोडीने हलकं टिचकारलं की टणत्कार येतो, नवा ठप्प वाजतो. आमच्या कोल्हापूरकडे फौंड्र्या चिक्कार, शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही माणसाला विचारा. एसजी आयर्न (चिवट जातीचं बीड) आणि साधं करडं बीड यांचा आवाजच वेगळा. एसजी थोडं वाकतं आणि सांगून तुटतं. करडं बीड बिस्किटासारखं. मला हे आधी विचारायची बुद्धी झाली नाही. एका नव्या जबड्याचं टोक "जरा आत घेऊ" म्हणून व्हाइसमध्ये धरून हातोडी मारली आणि टोक खाली पडलं. तुटलेल्या जागी दाणेदार राखाडी बीड आणि मोहरीएवढ्या दोन पोकळ्या. वेल्डिंगवाल्याकडे नेलं. त्याने हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि परत दिलं. "बीड हाय. लावीन, पण शेजारी तडकंल."

दुरुस्ती, जिथे होण्यासारखी आहे तिथे

खाचेची मोकळीक आधी घ्या. पण सॅश क्लॅम्प आणि एफ-क्लॅम्प (इंग्रजी F सारखा दिसणारा, स्क्रूचा हात पट्टीवर सरकणारा) यांत इथे मोठा फरक आहे. सॅश क्लॅम्पचा सरकता जबडा पट्टीच्या भोकातल्या पिनेवर अडतो. त्याच्या खाचेतली मोकळीक निव्वळ नुकसान, ती जितकी कमी तितकी चांगली. एफ-क्लॅम्पचा सरकता हात मात्र तिरका होऊन पट्टीत रुतल्यामुळेच अडकतो. त्याची मोकळीक पूर्ण काढली तर तो पट्टीवर घसरत राहील. एफ-क्लॅम्पच्या खाचेला हात लावू नका.

सॅश क्लॅम्पसाठी मी ०.५ मिमीचा पितळी पत्रा खाचेच्या तळाच्या पूर्ण लांबीएवढा कापून दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीने बसवला. आधी खाचेतला रंग आणि ओघळ कानशीने काढला, पेट्रोलने पुसलं, मग चिकटवला. पितळी पत्रा नसेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा चालतो, तो साधारण ०.१ मिमीचा असतो, हवे तेवढे थर लावा. ०.९ ची मोकळीक ०.४ वर आली. अजून कमी करण्याचा मोह झाला, पण पट्टी सगळीकडे सारख्या मापाची नाही. एका ठिकाणी ती ३०.२ भरते, आणि तिथे जबडा अडकून बसला असता.

मग जबड्याचा चेहरा. ओतीव जबड्यावर बरेचदा रंगाचे गठ्ठे, ओतकामाची शिवण आणि वाळलेला फेव्हिकॉल एवढंच असतं, आणि ते काढलं की निम्मं काम होतं. प्लास्टिकच्या टोप्या असतील तर त्या काढून आणि घालून, दोन्ही प्रकारे छाप घ्या. माझ्या एफ-क्लॅम्पांपैकी दोघांत जबडा ठीक होता, टोपीच एका बाजूला जाड होती. टोपी उलटी बसवली, दोष उलटा झाला. टोपी फेकली, दोष गेला.

एवढ्यानेही छाप पूर्ण येत नसेल तर कानस. इथे एमआयडीसीतले फिटर जे ब्लू (छाप बघायचा निळा रंग) मारून करतात तेच आपण कार्बनने करायचं. ठोकळा आवळा, छाप घ्या, जिथे काळं उमटलं तेवढंच कानशीने घासा, परत आवळा. घाई करायची नाही. पहिल्या जबड्याला मला नऊ फेऱ्या लागल्या, चौथ्याला तीन. लक्षात ठेवायचं ते एवढंच की घासायचं ते दाबाखालच्या छापावरून, गुण्यावरून नाही. घासून झाल्यावर हा जबडा रिकाम्या अवस्थेत गुण्याला आत झुकलेला दिसेल. दिसायलाच हवा.

ज्यांना लोखंडात हात घालायचा नाही त्यांच्यासाठी लाकडी चकत्या. ठोकळा नेहमीच्या जोराने आवळून टोकाशी फिलर गेजने फट मोजा. समजा १.५ मिमी निघाली. बाभळीची किंवा सागवानाची, जबड्याच्या मापाची चकती घ्या आणि ती बुडाला पातळ, टोकाला १.५ मिमी जाड अशी रंधून घ्या. डबल टेपने चिकटवा. चकतीवर आणि क्लॅम्पवर एकच नंबर टाका, नाहीतर आठवड्यात सरमिसळ होते. हे त्या मापाच्या दाबालाच बरोबर आहे, हलकं आवळलं तर ही चकती टोकाने चावेल. पण रोजच्या कामात हाताचा जोर फारसा बदलत नाही.

स्क्रूबद्दल थोडक्यात. मूठ फिरवताना पुढची चकती गोल-गोल डोलत असेल तर स्क्रू वाकलाय. तो सरळ करण्यात वेळ घालवू नका, स्क्रूच बदला. एफ-क्लॅम्पची चकती स्वतःच फिरून फळीला जुळते, म्हणून त्या बाजूचा काटकोन फारसा महत्त्वाचा नाही, पक्क्या जबड्याचा मात्र आहे. आट्यांना ग्रीस लावू नका, ते हाताने लाकडावर जातं आणि पॉलिश तिथे धरत नाही. मेणबत्ती घासा. एफ-क्लॅम्पचा हात पट्टीवर घसरत असेल तर तेल किंवा गुळगुळीत झिंकचा थर हे कारण, पट्टीच्या कडा थिनरने पुसा आणि कानशीने आडवे ओरखडे काढा.

निम्मा दोष माझा होता

हे लिहायला जड जातंय, पण क्लॅम्प अगदी जर्मन असते तरी तो टॉप पूर्ण सपाट निघाला नसता.

चारच क्लॅम्प लावले होते. दीड मीटर लांब आणि २० मिमी जाड सांध्याचं क्षेत्रफळ ३०० चौरस सेंमी. पांढऱ्या फेव्हिकॉलच्या जोडाला चौरस सेंमीला ७ किलो दाब धरला (टणक लाकडाला याहून जास्त सांगतात) तरी एकूण २१०० किलो. चार क्लॅम्पांत वाटले तर प्रत्येकी ५२५. एवढा दाब माझ्या मनगटातून नक्कीच आला नसेल, पण मी तो आणायचा प्रयत्न करत होतो, मुठीला पाइप घालून. कमी क्लॅम्प, म्हणून जास्त जोर, म्हणून जास्त फाकलेले जबडे, म्हणून वरून उघडे सांधे, म्हणून अजून जोर. या चक्रात क्लॅम्पचा दोष फक्त शेवटी दिसतो.

क्लॅम्प किती लावायचे याचा सोपा अंदाज असा: दाब जबड्यापासून दोन्हीकडे ४५ अंशांत पंख्यासारखा पसरतो. कडेची फळी १२५ मिमी रुंद असेल तर पहिल्या सांध्यापर्यंत पोहोचताना एका क्लॅम्पचा दाब २५० मिमीवर पसरलेला असतो. दीड मीटरला सहा क्लॅम्प. कडेची फळी अरुंद असेल तर बाहेरून एक जाड पट्टी घाला, म्हणजे पंखा रुंदावतो. आणि कडा नीट मारलेल्या असतील, सांधे हाताने दाबूनच मिळत असतील, तर ७ किलोचा आकडा गाठण्याचा हट्ट धरू नका.

दुसरी चूक म्हणजे सगळे क्लॅम्प खालून. जबडे फाकले की ते फळीला तिच्या जाडीच्या मध्याखाली दाबतात, खालची बाजू आखडते आणि पॅनल वर फुगतं. एक क्लॅम्प खालून, एक वरून, असे आलटून पालटून लावले की एकाचा वाक दुसरा खातो. शिवाय फळ्या थेट पट्टीवर टेकवायच्या नाहीत. खाली प्लायच्या पट्ट्या घालून त्या इतक्या उचलायच्या की फळीच्या जाडीचा मध्य आणि स्क्रूचा मध्य एका रेषेत येतील. याचा एक फायदा आयता मिळतो: ओला फेव्हिकॉल लोखंडाला लागून सागवानावर जो निळसर काळा डाग पडतो तो पडत नाही. तरीही धास्ती असेल तर पट्टीवर तपकिरी पॅकिंग टेप.

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, उद्या सकाळी जोड मारायचाच आहे, त्यांनी एक करावं. जबडा आणि फळी यांच्यामध्ये, फळीच्या जाडीच्या बरोबर मधोमध, १० मिमीची गोल काठी आडवी घालावी. कडेला वळ उठू नये म्हणून काठी आणि फळी यांच्यामध्ये एक रद्दी पट्टी. आता जबडा दोन अंश झुकला काय आणि चार झुकला काय, दाब काठीतूनच जाणार आणि काठी मध्यावरच आहे. काठी जागेवर धरायला तिसरा हात लागतो, एवढाच तोटा. मी ती मास्किंग टेपने फळीला चिकटवून ठेवतो.

मामांना हे काठीचं दाखवलं तेव्हा ते हसले. त्यांच्या उमेदीत क्लॅम्प नव्हतेच. जमिनीवर दोन जाड पट्ट्या ठोकायच्या, मध्ये फळ्या, आणि एका बाजूला दोन पाचरी उलट-सुलट घालून दोन्हीकडून हातोडी. पाचर बरोबर फळीच्या उंचीची, मग फाकायचं काय? फळ्या उठू नयेत म्हणून वर एक धोंडा.

घेताना

दुकानात जाताना खिशात छोटा गुण्या, व्हर्नियर आणि एक रंधलेला ठोकळा न्या. दुकानदार थोडं विचित्र बघतो, पण चार नग घ्यायचे असतील तर बघू देतो. ठोकळा आवळून टोकाकडे उजेड दिसतो का ते बघा. सरकता जबडा हाताने पुढे-मागे हलवून तो किती डुलतो ते बघा. टिचकारून आवाज ऐका. आटे टोकदार व्ही आकाराचे आहेत की सपाट माथ्याचे, हे बघा. सपाट माथ्याचे दाबाला टिकतात. आणि वजन करा. पोलादाची ३२ बाय ६ पट्टी मीटरला दीड किलो भरते, ३० बाय ५ ची ११८० ग्रॅमच्या आसपास. मासे मोजायचा काटा असतो तो बरोबर चालतो.

नावावर जाऊ नका, कारण नाव आणि कारखाना बरोबरच राहतात असं नाही. जॉर्गेनसन आणि पोनी या नावांचे क्लॅम्प बनवणारी शिकागोची ॲडजस्टेबल क्लॅम्प कंपनी १९०३ साली सुरू झाली आणि २०१६ साली बंद पडली. नावं विकली गेली, आज ती दुसऱ्यांच्या मालावर आहेत. तो माल वाईट असेल असं नाही, पण आजोबांच्या अनुभवावर आजचा नग घेता येत नाही एवढं खरं. आपल्याकडे तर एकाच छापाचा माल दोन वर्षांनी दुसऱ्याच फौंड्रीतून येऊ शकतो, आणि डबा तोच असतो. जुन्या बाजारात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे गंजलेले सॅश क्लॅम्प दिसले तर मी तरी आधी तेच बघतो. गंज निघतो. २८ मिमीची खाच ४० ची होत नाही.

नव्या चारांपैकी तीन आता कामात आहेत, पितळी पत्रा आणि घासलेले जबडे घेऊन. चौथा, टोक तुटलेला, फेव्हिकॉलच्या डब्याचं झाकण धरून ठेवायला वापरतो.

टॉप पाचही सांध्यांवर परत चिरला, कडा परत मारल्या, सहा क्लॅम्प लावून आलटून पालटून जोडला. पट्टी ठेवली, कुठे उजेड नाही. प्रत्येक सांध्याला करवत आणि रंधा मिळून चार मिमी गेले, त्यामुळे ७५० चा टेबल आता ७३० चा आहे. गिऱ्हाइकाला तसं सांगितलं. बाईंनी दोन्ही बाजूंना एकेक ताट ठेवून बघितलं, मध्ये हात फिरवला आणि म्हणाल्या, "वरण ठेवायला जागा उरतेय, चालेल."